शस्त्र न विकणारे व्यापारी

घाट उतरून बुलढाणा जिल्ह्याच्या ‘घाटाखालच्या’ मुलखात आले की मोताळा तालुक्यातील रोहिणखेड लागते. खुदावंद खान महदवी याने १५८२ साली येथे बांधलेली मशीद इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु या गावाचे नाव ग्रंथांत शिरले ते दोन लढायांमुळे. १४३७ साली खानदेशचा नसीर खान वऱ्हाडावर चालून आला. बहमनी सुलतानास दिलेल्या आपल्या कन्येची दरबारी उपेक्षा होते, हे त्याच्या रागाचे कारण होते. रोहिणखेडच्या रणात बहमनी फौजेने त्याचा पराभव केला. पुढे १५९० साली याच भूमीवर अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा लढला, आणि ज्या बालराजाच्या नावाने विरोधी सेनापती जमाल खान लढत होता तो बालराजा बुऱ्हाणचाच पुत्र होता. बाप गादीवर बसला, जमाल खान रणात पडला.

पहिल्या लढाईतील विजेत्या सेनापतीचे नाव व्यापारी कुळांतील वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. तो खलफ हसन बसरी. बसरा येथून आलेला हा मूळचा सौदागर. अडचणीच्या काळात त्याने राजपुत्र अहमदशहाला साथ दिली, आणि अहमदशहा तख्तावर येताच त्याला ‘मलिक-उत-तुज्जार’ हा किताब मिळाला. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा अधिपती. व्यापाऱ्यांच्या या अधिपतीने रोहिणखेडला तागडी नव्हे, तलवार चालविली. सत्तेजवळ गेलेल्या संपत्तीला शस्त्र धरण्याचा मोह फार दूर नसतो, याचा हा मोठा जुना दाखला आहे.

याच्या अगदी उलट टोकाला असलेला व्यापाऱ्यांचा एक पंथ सतराव्या शतकात इंग्लंडात उदयास आला. त्याचे अधिकृत नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणजे मित्रसमाज. जगाने त्याला क्वेकर म्हटले. ख्रिस्ती धर्मात शस्त्रमात्रास नकार देणारे जे तीन जुने पंथ ‘शांतिवादी चर्च’ म्हणून ओळखले जातात, त्यांतील हा एक. दुसरा मेनोनाइटांचा, त्यांच्या अमेरिकी शाखेने १८९९ साली छत्तीसगडातील धमतरी येथे काम आरंभिले. तिसरा ब्रेदरन, म्हणजे बंधुसमाज. जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ येथे १७०८ साली अवघ्या आठ जणांनी तो स्थापिला. एकमेकांचे पाय धुऊन मग एकत्र भोजनास बसणे हा त्यांचा सुंदर विधी. त्यांचे धर्मप्रचारक १८९५ पासून वलसाडला आणि त्यानंतर डहाणूच्या बाजूस आले; डहाणूतील त्यांचे मिशन रुग्णालय त्या भागात परिचित आहे. तथापि व्यापाराशी ज्यांचा संबंध रक्तामांसाचा, ते क्वेकर. म्हणून येथे विस्तार त्यांचाच.

या पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स १६२४ साली एका विणकराच्या घरी जन्मला आणि चांभाराच्या हाताखाली उमेदवारी करीत वाढला. इंग्लंडात तेव्हा राजा आणि संसद यांचे यादवी युद्ध पेटले होते, आणि दोन्ही पक्ष ईश्वराचे नाव घेऊन लढत होते. धर्मोपदेशकांकडे हिंडून समाधान न मिळालेल्या फॉक्सला अखेर असे गवसले की प्रत्येक मनुष्याच्या ठायी ईश्वराचा प्रकाश आहे. त्यासाठी पुरोहित नको, वेदी नको, दक्षिणा नको. यातून पुढचे सारे ओघानेच आले. ज्याच्या ठायी तो प्रकाश आहे त्याचा वध कसा करावा? १६५१ साली डर्बीच्या तुरुंगात असताना फॉक्सला संसदेच्या सैन्यात कप्तानपद देऊ केले गेले. त्याने ते नाकारले, आणि त्याची कैद वाढली. दहा वर्षांनी, १६६१ च्या प्रारंभी, या समाजाने दुसऱ्या चार्ल्स राजास लेखी कळविले की कोणत्याही हेतूने, कोणत्याही राज्यासाठी, आम्ही बाह्य शस्त्रांनी लढणार नाही. ती भूमिका आजही त्यांच्या आचाराचा पाया आहे.

‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारा. ईश्वराच्या वचनापुढे थरथर कापा, असे फॉक्सने न्यायाधीशास सुनावले, आणि न्यायाधीशाने त्या शब्दाचीच थट्टा केली. थट्टेचे नाव पंथाने निमूट स्वीकारले.

त्यांचे काही आचार तत्कालीन समाजास उद्धट वाटत. कोणापुढेही टोपी काढायची नाही, मग तो उमराव असो की न्यायाधीश. इंग्रजीत त्या काळी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद होता. क्वेकर सर्वांनाच ‘तू’ म्हणत. जावयाला, सावकाराला आणि तहसीलदाराला एकाच दमात ‘तू’ म्हणणारा दुकानदार आपल्याकडे कल्पून पाहिला, तर त्यांच्याविषयीचा संताप किती स्वाभाविक होता हे कळते. त्यांनी न्यायालयात शपथ घेण्यासही नकार दिला. शपथ घेतली तर शपथेविना बोललेले खोटे असू शकते असा अर्थ होतो, ही त्यांची तर्करीत. तिचा परिणाम असा की त्यांना खटले चालविता येईनात, येणी वसूल करता येईनात. शेवटी १६९६ साली इंग्लंडच्या संसदेने त्यांच्यासाठी शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञेची सोय केली. भारतीय न्यायालयांत साक्षीदारास शपथ किंवा प्रतिज्ञा असा जो पर्याय मिळतो, त्या परंपरेचे एक मूळ या हट्टी लोकांच्या सोसण्यात आहे.

आणि सोसणे थोडे नव्हते. सहस्रावधी तुरुंगात गेले, शेकडो तेथेच मेले. बोस्टनमध्ये १६६० साली मेरी डायर या स्त्रीला फाशी दिले गेले. कोणाची किती गुरे जप्त झाली, कोणाच्या दुकानातून किती माल ओढून नेला, याची नोंद समाज खतावणीसारखी ठेवी. त्यासाठी १६७० च्या दशकात ‘मीटिंग फॉर सफरिंग्ज’ ही स्वतंत्र सभाच स्थापन झाली. व्यापारी माणसे छळाचाही हिशेब चोख ठेवतात!

त्यांची उपासना पाहणाऱ्यास प्रथम काही घडतच नाही असे वाटते. साधे दालन, बाके समोरासमोर. ना मूर्ती, ना दीप, ना गायन. सर्व जण मौन धरून बसतात. कोणास आतून प्रेरणा झाली तर तो किंवा ती उठून चार शब्द बोलते, आणि पुन्हा मौन. स्त्रियांना हा बोलण्याचा अधिकार आरंभापासून आहे. सुमारे तासाभराने दोघे ज्येष्ठ हस्तांदोलन करतात आणि सभा संपते. सामायिकात बसण्याची सवय असलेल्या घरांना या स्तब्धतेची ओळख वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. मात्र तेथे जप नाही, पाठ नाही, आणि मौन सामुदायिक आहे. समाजाच्या कारभाराच्या बैठकाही अशाच चालतात. तेथे मतदान होत नाही. सभेचा लेखनिक सर्वांचे ऐकून सभेचा कल काय ते तेथल्या तेथे लिहितो, वाचून दाखवितो, आणि सर्वांस मान्य झाले तरच तो ठराव. एखाद्याच्या मनात खोल विरोध असेल तर विषय पुढील महिन्यावर जातो. संस्थांच्या निवडणुकांत भाऊबंदकी अनुभवलेल्या कोणासही ही पद्धत हेवा वाटावी अशी आहे. तीत वर्षे वाया जातात, हेही तितकेच खरे.

शपथेच्या अटीमुळे सरकारी पदे बंद, इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारे बंद, सैन्य तर त्यांनी स्वतःच वर्ज्य केलेले. उरला तो व्यापार. तेथे त्यांनी एक नवलाची गोष्ट केली. त्या काळी दुकानात भाव सांगायचा एक आणि घासाघीस करून द्यायचा दुसरा, अशी रीत होती. खोटा भाव बोलणे हे असत्य, म्हणून क्वेकर दुकानदार एकच भाव सांगू लागले. आरंभी गिऱ्हाईक बिथरले. टोपी न काढणाऱ्या, भाव न उतरविणाऱ्या दुकानात कोण जाणार? पुढे लोकांच्या ध्यानात आले की या दुकानात लहान मूल पाठविले तरी फसवणूक होत नाही. फॉक्सने आपल्या रोजनिशीत या पालटाची नोंद केली आहे. बार्कलेज आणि लॉइड्स या बँका, कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री हे चॉकलेटचे कारखाने, क्लार्क्सची पादत्राणे, या सर्वांचे मूळ पुरुष क्वेकर होते. समाज सभासदांच्या व्यवहारावर डोळा ठेवी. ऐपतीबाहेर उधारी करणाऱ्यास वेळीच समज दिली जाई. दिवाळे काढून देणेकऱ्यांना बुडविणाऱ्यास सभासदत्वातून दूर केले जाई. तुरुंगसुधारणेसाठी जगप्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ फ्राय यांचे पती जोसेफ यांची बँक १८२८ साली बुडाली, तेव्हा पत्नीच्या कीर्तीचा मुलाहिजा न ठेवता समाजाने त्यांना दूर केले.

या पंथाची खरी कसोटी मात्र बर्मिंगहॅमच्या सॅम्युएल गॅल्टन याच्या प्रकरणात लागली. गॅल्टन क्वेकर कुळातला, विद्वान, शास्त्रज्ञांचा स्नेही, आणि बंदुकांचा कारखानदार. त्या बंदुका सैन्यास जात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारातही वापरल्या जात. समाजाने हा धंदा दोन पिढ्या पाहिला होता. १७९५ साली स्थानिक सभेने त्याच्यावर प्रथमच ठपका ठेवला. त्याने दिलेले उत्तर आजही कोणत्याही व्यापाऱ्याला अस्वस्थ करील. धंदा वडिलोपार्जित आहे, मी तो निवडलेला नाही. इतकी वर्षे समाज गप्प का होता? युद्धासाठी लागणारा कर तुम्ही सर्वच भरता. गुलामांनी पिकविलेली साखर खाता, त्यांची तंबाखू ओढता, त्यांच्या कापसाचे कापड विकता. मग दोष माझ्या एकट्याच्या माथी का? सातू विकणारा शेतकरी दारुड्याच्या पापाचा वाटेकरी होतो काय?

या युक्तिवादात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल? समाजाकडे त्याला चोख उत्तरही नव्हते. तरी १७९६ साली त्यांनी गॅल्टनला दूर केले. आपले हात सर्वस्वी स्वच्छ नाहीत म्हणून समोरच्या बंदुकीकडे डोळेझाक करावी, हे त्यांना पटले नाही. गॅल्टन उपासनेस येत राहिला. कोणी त्याला अडविले नाही. पुढे त्याच्या घराण्याने बंदुका सोडून पेढी काढली. श्रावकाचारात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते आणि त्यात शस्त्रांचा व्यापारही मोडतो, हे येथे स्मरते. दोन भूखंडांतील दोन व्यापारी समाजांनी एकमेकांची वार्ताही नसताना तीच रेघ ओढली.

गॅल्टनच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर त्यापूर्वीच एका माणसाने आपल्या जगण्यातून देऊन ठेवले होते. अमेरिकेतील न्यू जर्सीचा जॉन वुलमन दुकानात नोकर असताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले, आणि ती खंत त्याला जन्मभर पुरली. पुढे अशी खते लिहिण्यास तो नकार देऊ लागला. त्याचे स्वतःचे दुकान चांगले चालू लागले तेव्हा, १७५६ च्या सुमारास, त्याने ते वाढविण्याऐवजी बंद केले आणि शिवणकाम व फळबाग यांवर घर चालविले. गुलामांच्या श्रमाचा रंग नको म्हणून तो बिनरंगी कपडे वापरी. क्वेकर गुलाममालकांच्या घरी जाई, भांडत नसे, पण पाहुणचाराचे मोल गुलामांच्या हाती ठेवून निघे. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ साली गुलामांच्या खरेदीविक्रीविरुद्ध पाऊल उचलले आणि १७७६ साली गुलाम बाळगणेच वर्ज्य केले, त्यामागे या शिंप्याची पायपीट होती. १७७२ साली तो इंग्लंडास गेला. तेथे टपालगाड्यांचे घोडे मरेपर्यंत पळविले जातात असे कळल्यावर त्याने त्या गाड्यांत बसण्याचे आणि त्यांतून पत्र धाडण्याचेही सोडले. लंडनहून यॉर्कपर्यंत पायी गेला आणि तेथे देवीच्या रोगाने वारला.

वुलमन हा अपवाद, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. क्वेकरांची अहिंसा प्रामुख्याने मनुष्यापुरती आहे; मांसाहार त्यांना निषिद्ध नाही. आणि धनिक झाल्यावर त्यांचीही पावले जड झाली. साओ तोमे बेटावरील कोको गुलामसदृश मजुरांकडून पिकविला जातो, ही कुणकुण कॅडबरी कुटुंबास १९०१ साली लागली. त्यांनी खरेदी थांबविली १९०९ साली. मधली वर्षे चौकशी आणि विनवण्यांत गेली. एका वृत्तपत्राने त्यांस ढोंगी म्हटले तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. जिंकूनही लाज वाटावी असा तो निकाल होता.

वऱ्हाडशी या पंथाचा पहिला धागा कापसाचा. रॉचडेलच्या सूतगिरणीचा मालक आणि संसदेतील नामांकित वक्ता जॉन ब्राइट हा क्वेकर. भारतातील कापूस लागवडीची चौकशी करणाऱ्या १८४८ च्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता. लँकेशायरला अमेरिकेतील गुलामांच्या कापसावर विसंबावे लागू नये ही त्याची इच्छा. तीत आपल्या गिरण्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे. परंतु १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत कापूस तुटला, गिरण्या बंद पडल्या, तरी तो गुलामीविरोधी उत्तरेच्याच बाजूस उभा राहिला. त्याच वर्षांत वऱ्हाडच्या कापसाचे भाव गगनाला भिडले, आणि १८७० साली खामगावच्या बाजारपेठेपर्यंत आगगाडीचा फाटा आला. १८८२ साली इंग्लंडने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या तेव्हा ब्राइटने मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

रोहिणखेडकरांना जवळची मोठी स्टेशने मलकापूर आणि भुसावळ. भुसावळहून ईशान्येस जाणारी गाडी इटारसीस पोहोचते. तेथून जवळच नर्मदाकाठचे होशंगाबाद, आताचे नर्मदापुरम. १८७० च्या दशकापासून इंग्रज क्वेकरांचे ठाणे तेथे होते. त्याच्या लगतच्या रसूलिया गावी त्यांचे ग्रामीण केंद्र वाढले, आणि १९७२ साली खेड्यांतील सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा जो गाजलेला उपक्रम सुरू झाला, त्याच्या दोन आरंभकर्त्यांत हे केंद्र होते.

मलकापूरहून पूर्वेस जाणारी गाडी मात्र वर्ध्यास, म्हणजे सेवाग्रामच्या दारी नेते. गांधीजींचा क्वेकरांशी स्नेह जुना. २ मार्च १९३० चे व्हाइसरॉयला लिहिलेले मिठाच्या सत्याग्रहापूर्वीचे पत्र त्यांनी पाठविले ते रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रज क्वेकराच्या हाती. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला पोहोचताच त्यांचे स्वागत झाले ते क्वेकरांच्या फ्रेंड्स हाउसमध्ये. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत सोहळा चालू असताना कलकत्त्यातील बेलियाघाटाच्या पडक्या हवेलीत गांधीजींच्या सोबत जे थोडे लोक होते, त्यांत हॉरेस अलेक्झांडर हे पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेले क्वेकर प्राध्यापक होते. त्याच वर्षी ब्रिटिश व अमेरिकी क्वेकरांच्या सेवासंस्थांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील शांतिवाद्यांची सभा भारतात भरावी ही कल्पना गांधीजींच्या हयातीत निघाली. ती भरली त्यांच्या पश्चात, डिसेंबर १९४९ मध्ये, आधी शांतिनिकेतनात आणि नंतर सेवाग्रामला. निरनिराळ्या देशांचे पाहुणे वर्षाचा अखेरचा आठवडा त्या कुडाच्या झोपड्यांच्या परिसरात राहिले. महायुद्धात शस्त्र नाकारल्याबद्दल आपापल्या देशांत बोलणी खाल्लेल्यांचीही त्यांत गणना होती.

मार्जोरी साइक्स या तर सेवाग्रामच्याच होऊन गेल्या. यॉर्कशायरच्या कोळसाखाणींच्या मुलखातील या शिक्षिका १९२८ साली मद्रासच्या शाळेत शिकविण्यास आल्या, तेथे क्वेकर झाल्या, शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकल्या, आणि पुढे सेवाग्रामला नई तालीमच्या कामात उतरल्या. ज्ञान हाताच्या कामातून यावे, कातण्याचा हिशेब हेच गणित आणि स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा असावी, या विचाराची त्यांनी दीर्घकाळ उपासना केली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १९६४ नंतर नागभूमीत शस्त्रसंधी झाली, तेव्हा ती टिकविण्यासाठी डोंगरी गावांतून फिरणाऱ्या निरीक्षकांत साठीजवळ आलेल्या या बाई होत्या. नई तालीमचा इतिहासही त्यांनी लिहून ठेवला. १९९५ साली त्या वारल्या.

सेवाग्रामची ती शाळा मध्यंतरी बंद पडली होती. २००५ पासून नई तालीमच्या त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा भरते. भोवतालच्या खेड्यांतील मुले मराठीतून शिकतात, आणि त्यांच्या वेळापत्रकात शेती, स्वयंपाक व सूतकताई आहे.